शेवटच्या बाकावरचे आमेन

बंधुभगिनींनो, उपासना, पुढारपण, शिक्षण आणि तत्त्वज्ञान असा विषय तुम्ही मला दिलात. या चारही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारायचा आहे. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला काय चालले आहे ते कळते का, आणि कळल्यावर त्याला बोलता येते का?

बायबलातल्या काळी ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीत उत्साहाला तोटा नव्हता. लोक आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत, म्हणजे इतरांना न कळणाऱ्या भाषांत, बोलत, एकाच वेळी अनेक जण उठत. त्यांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांच्या कृपादानांना, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्यांना, नावे ठेवत नाही. तू काय बोललास हे ज्याला समजलेच नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन, म्हणजे ‘तसेच होवो’, कसे म्हणणार, एवढेच तो विचारतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातले हे वचन आपल्या गायकवर्गाने आणि पाळकांनी रविवारी सकाळी आधी वाचावे असे मला वाटते. आपल्याकडे अन्य भाषा नसतील, पण वाद्यांचा आवाज इतका चढतो की आजीला स्वतःचे गाणे ऐकू येत नाही, आणि पडद्यावरच्या ओळी तिला वाचायला मिळण्याआधीच पुढे सरकतात. तरुणांची नवी गीते मला हवी आहेत. पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाची वाट धरली होती, त्यामुळे पुस्तक हातात न धरताही माणूस ते भजन घरी घेऊन जाऊ शकत होता. आपल्या किती मुलांना टिळकांचे एक तरी भजन आज पाठ येते?

याच पुण्यात १८९० मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईहून आपले शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, आणले. पुढे त्या केडगावला गेल्या. संस्कृतात शास्त्रीपंडितांना थक्क करणारी ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, ती साध्या बायकांना वाचता येईल असे मराठी बायबल तयार करण्यासाठी. १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या कामात होत्या. त्या बायबलाचे खिळे जुळवायचे आणि छपाईचे काम त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी केले. ज्यांना समाजाने टाकले होते त्यांच्या हातांतून वचन छापून निघाले. याहून मोठी उपासना मला सुचत नाही.

पुढारपणाबद्दल बोलताना आपण नेहमी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग सांगतो. तो सांगावाच. पण बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाला एक विलक्षण आज्ञा आहे. गादीवर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यायची आणि जन्मभर ती वाचायची. का? तर भाऊबंदांपेक्षा आपण कोणी मोठे असे त्याच्या मनात येऊ नये म्हणून. म्हणजे राजाही नियमाखाली.

आणि पैसा! यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पौल एकटा नेत नाही. मंडळ्यांनी नेमलेला भाऊ सोबत असतो. कोणी दोष लावू नये, आणि प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते करावे, असे तो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहितो. प्रेषिताला हे गरजेचे वाटले, तर आपल्या पंचांना का वाटू नये? हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातात. दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्या बाईलाही ते मराठीत वाचून दाखवले पाहिजेत. तिने प्रश्न विचारला तर पाळकसाहेबांचा अपमान होत नाही.

शिक्षणाचे थोडक्यात सांगतो. बिरुया गावचे लोक पौलाचे म्हणणेसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांची स्तुती करतो. मुलांच्या शब्बाथशाळेत आपण सुवर्णवचन पाठ करून घेतो, बक्षीस देतो आणि थांबतो. ते पोर ‘असं का लिहिलंय?’ म्हणाले की त्याला गप्प करू नका.

आता तत्त्वज्ञान. कलस्सैकरांस पत्रातला पोकळ तत्त्वज्ञानाविषयीचा इशारा काढून आपण पुस्तके मिटवतो. पण तोच पौल अथेन्समध्ये एपिकूरपंथी आणि स्तोइक तत्त्वज्ञांशी वाद घालतो, त्यांच्याच कवींच्या ओळी त्यांना ऐकवतो, आणि मग पुनरुत्थानावर येतो. तिथे तो जराही मागे हटत नाही. आपल्याकडे नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. षड्दर्शनांवर, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा शाखांवर, त्यांनी टीका केली ती ती दर्शने मुळातून शिकून. समोरच्याचे म्हणणे समजून न घेता त्याला उत्तर देणे हा त्याच्यावर अन्यायच आहे, आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा तिथेही लागू होते.

तुमच्या मंडळीतली मुले फर्ग्युसनला, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत असतील. तरुण संघात त्यांना फक्त गिटार देऊ नका. महिन्यातून एकदा त्यांना पुढे बसवा, त्यांच्या शंका मांडू द्या, आणि पाळकांनी व वडिलांनी बायबल उघडून त्यांच्यासोबत बसावे. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा बसावे.