नकाशाचं टोक : एका आइस हॉकी संघाचं चिन्ह आणि एका बेटाची ओळख

(पडदा काळा. बर्फावर स्केटची पाती घासल्याचा आवाज. हळूहळू एक निळं वर्तुळ उमटतं.)

हे चिन्ह नीट पाहा. निळ्या वर्तुळात नारिंगी रंगाचा एका बेटाचा नकाशा. त्यावर पांढरी दोन मोठी अक्षरं, एन आणि वाय. वायचा दांडा खाली उतरता उतरता हॉकीची स्टिक होतो आणि तिच्या शेजारी छोटा पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, दिसतो. स्टिकवर चार पट्टे आहेत. तळाशी संघाचं नाव, आयलंडर्स. त्यातलं पहिलं अक्षर, आय, बाकीच्या अक्षरांपेक्षा वेगळं आहे. त्याचं टोक नकाशातल्या एका जागेवर टेकतं. ती जागा म्हणजे युनियनडेल. १९७२ साली याच गावात नासाऊ कोलिझियम हे स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी हा संघ नॅशनल हॉकी लीग या अमेरिका-कॅनडातल्या स्पर्धेत उतरला.

न्यूयॉर्क आयलंडर्सच्या चाहत्यांमध्ये या चिन्हावरून जे वाद झाले, ते वरवर चित्राचे वाटतात. खरा वाद होता तो या नकाशात कोण येतं आणि कोण येत नाही, याचा.

(हवाई दृश्य : मॅनहॅटनच्या पूर्वेला पसरलेलं लांबट बेट.)

लाँग आयलंड सुमारे १९० किलोमीटर लांब आहे. भूगोलाच्या पुस्तकानुसार त्यावर चार काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. पश्चिमेला किंग्ज, म्हणजे ब्रुकलिन, आणि क्वीन्स. पूर्वेला नासाऊ आणि सफोक. पण पहिल्या दोन १८९८ पासून न्यूयॉर्क शहरात आहेत. ब्रुकलिनच्या माणसाला कुठला म्हणून विचारलं तर तो ब्रुकलिनच सांगेल, लाँग आयलंड सांगणार नाही. बोलण्यातलं लाँग आयलंड नासाऊ आणि सफोक एवढंच. चिन्हातल्या नकाशातही याच दोन काउंट्या आहेत. निळा आणि नारिंगी हे रंगही नासाऊ काउंटीचेच.

थोडक्यात, हे चिन्ह पहिल्या दिवसापासून सरहद्द आखत होतं. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये रेंजर्स हा जुना, श्रीमंत, शहराचा संघ. इकडे उपनगरांचा नवा संघ. पहिल्या हंगामात आयलंडर्सनी ७८ पैकी फक्त १२ सामने जिंकले. तिसऱ्या हंगामात, १९७५ साली, त्यांनी बाद फेरीत रेंजर्सनाच घरी पाठवलं. पुढे १९८० ते १९८३ सलग चार वर्षं स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांच्याकडे राहिला, आणि १९८४ पर्यंत बाद फेरीतल्या ओळीने १९ मालिका त्यांनी जिंकल्या. स्टिकवर आज दिसणारे चार पट्टे हे त्या चार चषकांचे.

चिन्ह म्हणून पाहिलं तर रेखाटन साधंच आहे, थोडं गर्दीचंही. पण लोकांनी ते या विजयांसकट आपलं मानलं होतं. पुढे १९९५ मध्ये जे घडलं ते याशिवाय कळत नाही.

(नव्वदच्या दशकातल्या जर्सी : फिरोजी, जांभळा, काळा.)

नव्वदचं दशक फिरोजी रंगाचं होतं. १९९१ मध्ये सॅन होजे शार्क्स आणि १९९३ मध्ये अनाहाइमचे मायटी डक्स या रंगाचा आधार घेऊन उतरले, आणि त्यांच्या टोप्या आणि जर्सी हॉकी न पाहणारी मुलंही घालू लागली. जर्सी ही आता विकायची वस्तू झाली होती. आयलंडर्सचा संघ त्या काळात मैदानावर ढेपाळलेला होता, मग रूप बदलण्याचा मोह होणं स्वाभाविक होतं.

१९९५-९६ च्या हंगामात नवं चिन्ह आलं. दाढीवाला मासेमार, डोक्यावर पावसाळी टोपी, दोन्ही हातांत हॉकीची स्टिक. खांद्यावर दीपगृह. जर्सीच्या कडेला सरळ पट्ट्यांऐवजी लाटा, आणि पाठीवरचे आकडेही लाटेसारखे वाकलेले.

कल्पना खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्रेट साउथ बेमध्ये शिंपले आणि कालवं काढणाऱ्या मासेमारांची परंपरा जुनी आहे. ब्लू पॉइंट कालवं याच किनाऱ्यावरची. मग चुकलं कुठे?

पहिली चूक शिवणकामाची. आइस हॉकीच्या जर्सीवरचं चिन्ह छापत नाहीत. जाड ट्विल कापडाचे तुकडे रंगानुसार कापतात, एकावर एक रचतात आणि कडेने दाट नागमोडी टाका घालतात. प्रत्येक रंगाला एक थर. त्यामुळे रंग आणि बारकावे वाढतात तसं चिन्ह जड, ताठ आणि महाग होत जातं, आणि टाक्याच्या रुंदीपेक्षा बारीक रेघ कापडात टिकतच नाही. मासेमाराच्या चेहऱ्यावर दाढी, सुरकुत्या, भुवया, टोपीची कड आणि बोटं एवढं सगळं होतं. कागदावर जो करारी वाटला तो कापडावर गोंधळलेला दिसू लागला.

दुसरी चूक अंतराची. रिंक, म्हणजे खेळाचं बर्फाचं मैदान, ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते, आणि खेळाडू त्यावर वाकून धावतो. छातीवर घडी पडते. वर्तुळाला घडी पडली तरी डोळा ते वर्तुळ पुरं करून घेतो. माणसाच्या चेहऱ्याला घडी पडली की तो चेहरा वेडावाकडा होतो. शिवाय त्या वेळच्या टीव्हीवर चित्र जेमतेम ४८० ओळींचं असे. चिन्ह तपासायची साधी रीत आहे. ते एक इंचाएवढं करून पाहायचं, एकाच रंगात छापून पाहायचं, आणि मग एखाद्या मुलाला न बघता आठवणीने काढायला सांगायचं. निळ्या वर्तुळातला नकाशा या चाचणीत रडतखडत का होईना पास होतो. मासेमार तिन्हींत नापास.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. पावसाळी टोपीतला दाढीवाला मासेमार अमेरिकेत आधीच एका कंपनीच्या खोक्यावर होता. गॉर्टन्स ही गोठवलेल्या माशांची कंपनी, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरची. म्हणजे आपल्या बेटाची ओळख म्हणून जे चित्र छातीवर लावलं, ते लोकांच्या मनात दुसऱ्याच प्रांताचं होतं, न्यू इंग्लंडचं. रेंजर्सच्या चाहत्यांनी हे क्षणात हेरलं. त्यांच्या घरच्या मैदानात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, घोषणा घुमू लागल्या, “आम्हाला फिश स्टिक्स हव्यात!” फिश स्टिक्स म्हणजे पावाचा चुरा लावलेले, गोठवून विकले जाणारे माशाचे लांबट तुकडे. स्टिक हा शब्द हॉकीतलाही असल्याने ही थट्टा चिकटली ती कायमची.

त्या हंगामात ८२ पैकी २२ सामने जिंकले. संघ जिंकत असता तर मासेमार टिकला असता का? आमच्या मते काही वर्षं निभावला असता, पण रुजला नसता. कारण स्टँडमध्ये बसलेली माणसं मासेमारांची नव्हती. ती लेव्हिटाउनसारख्या, १९४७ नंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींमधली होती, रोज लोकलने मॅनहॅटनला जाणारी, किंवा बेथपेजच्या ग्रमन कारखान्यात काम केलेली. अपोलो मोहिमांचं चंद्रावर उतरणारं यान याच कारखान्यात बनलं. बेटाचं खरं विसावं शतक ते होतं. मासेमार हे बेटाचं पर्यटनपत्रकातलं रूप.

चाहत्यांनी मागणी लावून धरली आणि पहिला हंगाम संपतानाच जुन्या चिन्हाकडे परतायचं ठरलं. पण जर्सी एका रात्रीत बदलता येत नाही. लीगला आगाऊ कळवावं लागतं, कापड आणि दुकानातला माल महिनोन्‌महिने आधी ठरतो. म्हणून नको असलेला मासेमार १९९६-९७ मध्येही छातीवर राहिला. मग काही काळ लाटांच्या जर्सीवर जुना नकाशा, असं अर्धंमुर्धं रूप चाललं.

(व्हँकुव्हर. समुद्रातून वर झेपावणारा ऑर्का.)

प्रांताची खूण कोणाची, हा प्रश्न पश्चिम किनाऱ्यावर आणखी नाजूक होतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर कनक्स या संघाने १९९७ मध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकारात झेपावणारा ऑर्का, म्हणजे काळा-पांढरा शिकारी देवमासा, घेतला. तेव्हाच्या मालक कंपनीच्या नावातही ऑर्का होता, त्यामुळे हे प्रांताचं चिन्ह की कंपनीचं, ही कुरकुर तेव्हापासूनची. पण खोलवरचा आक्षेप शैलीवर आहे. चित्राची धाटणी हैडा या आदिवासी लोकांच्या कलेवरून घेतलेली. हैडा ग्वाई ही बेटं व्हँकुव्हरच्या कितीतरी उत्तरेला. शहर वसलंय ते मस्क्वियम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटुथ या कोस्ट सॅलिश आदिवासी लोकांच्या भूमीवर, आणि त्यांची चित्रशैली वेगळी आहे. आकार तुटक, अर्धचंद्र आणि त्रिकोणांच्या कापांनी घडलेले. दूरच्या प्रेक्षकाला दोन्ही ‘तिकडचंच’ वाटतं. तिथल्या माणसाला तसं वाटत नाही. म्हणूनच १९७० चं जुनं चिन्ह, रिंकच्या आयतातली स्टिक, परत आणा म्हणणाऱ्यांमध्ये सगळेच जुन्या आठवणींत रमणारे नाहीत. काहींना कोणाचीही उसनी कला नको आहे.

संघच निघून गेला तर? कॅनडातल्या क्वेबेक नॉर्डिक्स संघाच्या जर्सीवर प्रांताच्या झेंड्यातली लिलीची फुलं होती. १९९५ मध्ये संघ डेन्व्हरला गेला. हार्टफर्ड व्हेलर्सच्या चिन्हात देवमाशाची शेपटी, खाली डब्ल्यू आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत एच, इतकं नेटकं काम या लीगमध्ये क्वचितच झालंय. १९९७ मध्ये तो संघ नॉर्थ कॅरोलायनाला गेला. २०१८ च्या डिसेंबरात कॅरोलायनाने तीच हिरवी जर्सी घालून सामना खेळला. कनेटिकटमधल्या, म्हणजे हार्टफर्डच्या राज्यातल्या, अनेकांना ती घरातली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर पाहिल्यासारखी लागली, आणि ती तक्रार आम्हाला रास्त वाटते.

(ब्रुकलिन. बार्कलेज सेंटरचं गंजक्या रंगाचं बाहेरचं कवच.)

आता पुन्हा आपल्या बेटावर. २०१५ मध्ये आयलंडर्स ब्रुकलिनला गेले. भूगोलाच्या पुस्तकानुसार बेट सोडलं नव्हतं, पण छातीवरच्या नकाशाबाहेर संघ गेला होता. बार्कलेज सेंटर बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं. हॉकीची रिंक मावली ती एका बाजूला सरकून, त्यामुळे छतावरचा स्कोअरबोर्ड मध्यरेषेवर येईना आणि काही खुर्च्यांवरून एक गोलपोस्ट दिसेना. गोल झाल्यावरचा भोंगा बदलून भुयारी रेल्वेच्या धर्तीचा केला, चाहत्यांच्या ओरड्यानंतर तो मागे घ्यावा लागला. सोबत एक काळी-पांढरी पर्यायी जर्सीही आली, ब्रुकलिनच्या बास्केटबॉल संघाच्या रंगांची. मुख्य चिन्हाला मात्र हात लावला नाही. १९९५ चा धडा लक्षात होता, असं म्हणायला जागा आहे.

२०२२-२३ मध्ये मासेमार काही सामन्यांपुरता परत आला, गडद निळ्या जर्सीवर. या वेळी लोकांनी ती हौसेने विकत घेतली. यात विसंगती नाही. तेव्हा तो नकाशाच्या जागी बसवला होता, आता नकाशाच्या शेजारी पाहुणा म्हणून आला.

(शेवटचं दृश्य : एलमाँट. यूबीएस अरीना, आतून प्रकाशलेलं.)

नोव्हेंबर २०२१ पासून संघाचं घर इथे आहे, एलमाँटमध्ये. क्वीन्सच्या हद्दीला लागून, पण रेषेच्या अलीकडे, नासाऊमध्ये. नकाशाच्या आत. नव्या जागेसाठी चिन्हातलं कोणतंही अक्षर हललेलं नाही. आयचं टोक अजून काही किलोमीटर पूर्वेला, युनियनडेलवरच टेकलेलं आहे.