नंबर प्लेट नसलेल्या गाड्या

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी मुलांना घेऊन जायचं कुठे, हा ठाण्यातल्या घराघरांतला प्रश्न. तलावपाळी झाली, उपवन झालं. मग कुणीतरी सांगतं, शहराबाहेर क्वाड बाईकचा ट्रॅक निघालाय. चार जाड चाकांची ती गाडी, मातीचे उंचवटे, चिखल, कडेने रचलेले जुने टायर. पैसे भरायचे, सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरलेलं एक हेल्मेट आपल्याही डोक्यावर चढवायचं आणि सुटायचं. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण या ट्रॅकवर लक्ष ठेवायचं कुणी? आजचा विषय एवढाच. लक्ष ठेवायचं कुणी?

आमच्या ओळखीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांची गोष्ट मी लग्नात, बारशात, संधी मिळेल तिथे सांगतो. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी तोवर चहा टाकून यावा.

मास्तर शहराच्या वेशीवर राहायला गेले ते शांतता हवी म्हणून. आणि शेजारच्या भाताच्या खाचरातच ट्रॅक उभा राहिला. शनिवार-रविवार सकाळपासून नुसती घरघर. मास्तरांनी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पहिल्या टेबलावर विचारलं, बांधकाम केलंय का? नाही? मग आमचा संबंध नाही. दुसरीकडे विचारलं, गाडी रस्त्यावर आली का? नाही? मग आम्ही काय करणार. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, जमीन शेतीची आहे, तलाठ्याला विचारा. तलाठी येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मास्तर, लांबून तर नांगरल्यासारखंच दिसतंय की!"

मास्तरांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी एक साहेब आवाज मोजायचा मीटर घेऊन आले. साहेब येणार ही बातमी ट्रॅकमालकाला आधी कशी कळते, ते मी सांगायला नको. सगळ्या गाड्या ताडपत्रीखाली, आणि मालक स्वतः तगरीला पाणी घालतोय. साहेबांनी मीटर धरला. चिमण्या. मास्तर लालबुंद. "थांबा हो, सुरू होतील," म्हणत त्यांनी साहेबांना ओटीवर बसवलं. बाईंनी पोहे केले. हल्ली पोह्यांवर फरसाण पसरायची पद्धत निघाली आहे, ती माझ्या मते दखलपात्र गुन्ह्यात धरावी. पण बाईंचे पोहे व्यवस्थित, खोबरं-कोथिंबीर घातलेले.

पोहे संपत आले आणि दुरून आवाज आला. धडधड, मधेच फटाका फुटल्यासारखा. साहेब बशी ठेवून उठले, मीटर पुढे धरला, आकडा चढत चढत कुठल्या कुठे गेला. साहेबांनी वहीत लिहून घेतला. मास्तर म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो?" आवाज जवळ आला, फाटकातून आत आला आणि ओटीसमोर येऊन थांबला. मास्तरांचा नातू! मोटारसायकलवर, सायलेन्सर बदलून घेतलेला. "आजोबा, पकडलं का त्या ट्रॅकवाल्याला?"

साहेबांनी वाकून मोटारसायकलची मागची बाजू पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, याच्यावर मात्र लगेच कारवाई करता येईल. याला नंबर आहे."

तर श्रोतेहो, याला नंबर आहे. क्वाड बाईकला नसतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या आहे, आणि कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास बनावटीची गाडी त्या व्याख्येतून वगळलेली आहे. ट्रॅकमालक त्याच ओळीकडे बोट दाखवतो. मग नंबर नाही, पीयूसी नाही, चालवणाऱ्याचं लायसन्स कुणी विचारत नाही.

बाकीचे नियम आहेत, पण विखुरलेले. शेतजमिनीचा असा वापर करायचा तर बिगरशेतीचा प्रश्न महसूल खात्याकडे. करमणुकीच्या जागेचा परवाना पोलिसांकडे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं, त्यातली नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर 45. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती 2016 पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. नवी मुंबईत खाडीकाठी गेलात तर कांदळवनाचे निर्बंध. तुकडे सगळीकडे आहेत. पुन्हा सांगतो, तुकडे सगळीकडे आहेत. माझं म्हणणं, महापालिकेने आपल्या हद्दीत हे सगळे कागद एकाच फायलीत मागावेत आणि ते पाहूनच परवाना द्यावा. लग्नाच्या मांडवाला अग्निशमन दलाचा दाखला मागतो, तर इथे का नको?

वयाचं तर अवघडच. या गाड्या आखूड आणि उंच, वळणावर अंगाचा भार टाकून सावरायच्या असतात. दहा वर्षांच्या पोराच्या अंगात तो भारच नसतो, आणि गाडी उलटली तर त्याच्या अंगावर येते. अमेरिकेत तीन चाकी एटीव्ही, म्हणजे क्वाड बाईकच्याच जातीच्या पण एक चाक कमी असलेल्या गाड्या, इतक्या उलटल्या की 1988 साली कंपन्यांना त्यांची विक्री बंद करावी लागली. आपल्याकडे बाप मुलाला पुढे बसवतो आणि आई मोबाइलवर चित्रीकरण करते. पूर्वी मुलं मैदानात गुडघे फोडून घ्यायची, फुकटात. आता मैदानावर टर्फ झालंय आणि तासाचं भाडं आहे. असो.

ट्रॅकवर गेलात तर तिकिटाआधी परवाना मागा. तिकिटाआधी. वयाची अट कुठे लिहिली आहे ते बघा, विमा कुणाचा आणि कशाचा ते विचारा. कागद दाखवत नसतील तर परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. परवान्याची प्रत मागा, कारणं विचारत बसू नका. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. आणि अर्जात गावाबरोबर जमिनीचा सर्व्हे नंबर जरूर लिहा, नाहीतर "जागेचा बोध होत नाही" असं उत्तर घरी येतं.

नमस्कार.