यकृताचा सीटी स्कॅन : सेकंदांचे गणित

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. यकृतात मूळ धरणारी कर्करोगाची गाठ मात्र आपले पोषण मुख्यतः धमनीतूनच घेते. या फरकामुळेच ती सीटी स्कॅनवर ओळखता येते; पण त्यासाठी स्कॅन नेमक्या सेकंदाला व्हावा लागतो.

सोलापुरात तपासणीसाठी अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीबरोबरच कलबुर्गी आणि विजयपूर भागांतूनही रुग्ण येतात. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली, एवढेच अनेकांना ठाऊक असते आणि चेहऱ्यावर भीती असते.

शहरातील एका तपासणी केंद्रात आता आपण टेबलावर झोपलेले एक शेतकरी काका पाहत आहोत. त्यांच्या कोपराच्या खोबणीत हिरव्या टोपणाची, १८ गेजची कॅन्युला, म्हणजे शिरेत औषध सोडण्याची नळी, बसवली आहे. स्कॅनवर रक्ताचा मार्ग उजळून दाखवणारे आयोडीनयुक्त औषध, म्हणजे रुग्णांच्या बोलीत ‘डाय’, सेकंदाला ३ ते ५ मिलिलिटर या वेगाने आत जाणार असल्याने बारीक शीर किंवा बारीक सुई येथे चालत नाही. औषध जाताना अंगभर उष्णता पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते, हे तंत्रज्ञ त्यांना आधीच समजावून सांगतात. श्वास रोखण्याचा सरावही आधीच करून घेतला जातो, आणि तो रुग्णाला कळेल त्या भाषेत, म्हणजे सोलापुरात मराठीइतकाच कन्नड किंवा तेलुगूत, करून घ्यावा लागतो. श्वास हलला, तर यकृतही हलते आणि लहान गाठ धूसर होते.

स्कॅन केव्हा सुरू करायचा, हे केवळ घड्याळ पाहून ठरत नाही. हृदय अशक्त असेल, तर औषध यकृतापर्यंत उशिरा पोहोचते. म्हणून महाधमनीवर एक लहान वर्तुळ आखले जाते आणि तेथील उजळपणा १०० ते १५० हौन्सफिल्ड एककांनी (सीटीवरील उजळपणाचे माप) वाढला, की थोड्याच सेकंदांत पहिली फेरी होते. साधारण ३५व्या सेकंदाच्या या फेरीत धमनीवर पोसलेली गाठ उजळून दिसते. सुमारे ७०व्या सेकंदाला पोर्टल शिरेतले औषध उरलेल्या यकृतात पसरते, आणि ३ ते ५ मिनिटांनी शेवटची फेरी होते. तोवर कर्करोगाची गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट पडलेली असते. सिरोसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाण्याचा विकार) किंवा जुनाट हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णात किमान १ सेंटिमीटरच्या गाठीत हा क्रम स्पष्ट दिसला, तर निदानासाठी बऱ्याचदा बायोप्सीची गरज उरत नाही. याउलट हिमॅन्जिओमा ही निरुपद्रवी गाठ कडेकडेने ठिपक्यांसारखी उजळते आणि सावकाश आत भरत जाते. अशा गाठीने धास्तावलेल्या कुटुंबाला यामुळे केवढा दिलासा मिळतो!

म्हणूनच यकृतातील गाठीच्या निदानासाठी पोटाचा एकाच फेरीचा स्कॅन आम्हाला अपुरा वाटतो. तो अपुरा ठरून स्कॅन पुन्हा करायचा झाला, तर रुग्णाला पुन्हा येण्याचा खर्च सोसावा लागतो, डायही दुसऱ्यांदा घ्यावा लागतो.

काही यंत्रांत दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी एकाच वेळी माहिती घेतली जाते. या ड्युअल एनर्जी तंत्राने आयोडीन नेमके कोठे पोहोचले, त्याचा स्वतंत्र नकाशा मिळतो आणि पुसट गाठही उठून दिसते. क्ष-किरणांचा एकेक फोटॉन, म्हणजे ऊर्जेचा एकेक कण, मोजणाऱ्या सीटी यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

शस्त्रक्रियेपूर्वी याच चित्रांवरून यकृताच्या ८ भागांचे आकारमान संगणकावर मोजतात. यकृतदात्याच्या शरीरात निदान ३० टक्के यकृत उरले पाहिजे, असा साधारण दंडक असल्यामुळे हे मोजमाप शल्यचिकित्सकांना फार मोलाचे ठरते.

प्रत्येक जादा फेरीबरोबर किरणोत्सर्ग वाढतो, तेव्हा बहुफेरी स्कॅन कारण असेल तरच करावा. डाय देण्यापूर्वी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक, तपासावे. मधुमेहाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा विकार आणि पूर्वीची ॲलर्जी डॉक्टरांना सांगावी. जुन्या स्कॅनची फिल्म किंवा सीडी घरी ठेवून येऊ नये. सहा महिन्यांच्या आत गाठीचा व्यास निम्म्याने किंवा त्याहून अधिक वाढला असेल, तर कर्करोगाचा संशय बळावतो, आणि जुने चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ही वाढ मोजता येत नाही.