तारेवरून गेलेली राज्यघटना

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत दर चार वर्षांनी नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि आपल्याकडेही टीव्हीवर लाल-निळे नकाशे झळकतात. त्या नकाशात पश्चिमेला, कॅलिफोर्नियाला खेटून, नेवाडा नावाचं राज्य दिसतं. आज गोष्ट सांगतोय ती याच नेवाडाच्या पहिल्यावहिल्या अध्यक्षीय मतदानाची. साल १८६४. मतदान होतं ८ नोव्हेंबरला. आणि नेवाडाला राज्याचा दर्जा मिळाला कधी? ३१ ऑक्टोबरला. नीट ऐका, ३१ ऑक्टोबरला राज्य झालं आणि ८ नोव्हेंबरला मतदान. मध्ये जेमतेम आठ दिवस.

एवढी घाई का झाली? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं, त्याचं हे चौथं वर्ष. अब्राहम लिंकन दुसऱ्यांदा उभे होते आणि समोर होता त्यांचाच एके काळचा सेनापती, जॉर्ज मॅक्लेलन. उन्हाळ्यात परिस्थिती इतकी बिकट होती की २३ ऑगस्टला लिंकननी एका कागदावर लिहून ठेवलं, आपलं सरकार पुन्हा निवडून येण्याची शक्यता फार कमी दिसते. तो कागद दुमडून त्यांनी मंत्र्यांपुढे ठेवला आणि आत काय आहे ते न दाखवता सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा शहर पडलं आणि वारं फिरलं. पण नवं राज्य हवंच होतं, त्याला आणखी एक कारण होतं. गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती संसदेच्या एका सभागृहाने, सिनेटने, एप्रिलमध्ये मंजूर केली होती, पण जूनमध्ये दुसऱ्या सभागृहात, प्रतिनिधिगृहात, ती पडली. दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत. म्हणजे एकेका मताची निकड होती.

इथे जरा थांबतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. ती अर्पणपत्रिका आपण शाळेत पाठ करतो, पण ती झीज म्हणजे नेमकं काय, कुणी कुठे काय केलं, हे मुलांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं. माझा हा जुना आग्रह आहे.

तर नेवाडा. १८५९ मध्ये तिथे कॉमस्टॉक नावाचा चांदीचा प्रचंड साठा सापडला आणि ओसाड डोंगरात व्हर्जिनिया सिटी उभी राहिली. नेवाडाला चांदीच्या लोभाने राज्य केलं, असं अजूनही सांगितलं जातं. ते मला पटत नाही. तो प्रदेश आधीपासूनच केंद्राच्या ताब्यात होता, चांदीचा फायदा तसाही मिळतच होता. हवी होती ती मतं. १८६० च्या जनगणनेत तिथे सात हजारसुद्धा माणसं नव्हती, आपल्याकडचं एखादं मोठं खेडं म्हणा. पुढच्या चार वर्षांत लोकवस्ती बरीच वाढली, तरी राज्य होण्याइतकी ती नव्हतीच. पण मार्च १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून दार उघडलं. अट अशी की आधी राज्याची स्वतःची घटना लिहा, लोकांकडून मंजूर करून घ्या, तिची अधिकृत प्रत अध्यक्षांना पोहोचवा, मग अध्यक्ष घोषणा करतील. प्रत पोहोचली पाहिजे. ही अट लक्षात ठेवा.

घटनेचा पहिला मसुदा जानेवारीतच लोकांनी धुडकावला होता, कारण त्यात खाणींवर सरसकट कर होता, मग खाणीतून काही निघो न निघो. दुसऱ्या मसुद्यात खाणींच्या निव्वळ उत्पन्नावरच कर ठेवला आणि ७ सप्टेंबरला लोकांनी तो दणदणीत मंजूर केला. बाजूने १०,३७५ मतं, विरोधात १,२८४.

आता खरी गोष्ट. ही मी कितीदा सांगितली तरी माझं मन भरत नाही.

नेवाडाचे गव्हर्नर होते जेम्स नाय. त्यांनी घटनेच्या प्रती वॉशिंग्टनला रवाना केल्या, काही जमिनीवरून, काही समुद्रामार्गे. खंड ओलांडणारी रेल्वे तेव्हा नव्हती, ती आली १८६९ मध्ये. मध्ये डोंगर, वाळवंट, सगळा आडवा देश. ऑक्टोबर संपत आला आणि नेवाडाच्या राजधानीत, कार्सन सिटीत, नायना कळलं की अध्यक्षांच्या हाती प्रत पडलेलीच नाही. मतदानाला दोन आठवडे उरले होते. प्रत पोहोचली पाहिजे, आणि प्रत पोहोचलेली नाही. नव्याने माणूस पाठवला तरी तो वेळेत जाणार नव्हता.

एकच वाट उरली होती. तार. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारी तारेची लाइन तीनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १८६१ मध्ये पुरी झाली होती. नायनी ठरवलं, अख्खी राज्यघटना तारेने पाठवायची.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या तार ऑफिसात फॉर्म भरलाय, त्यांना सांगायला नको. शब्दाला पैसे पडायचे. म्हणून आपण ‘आई आजारी ताबडतोब निघा’ एवढंच लिहायचो, एक शब्द वाचला तरी बरं वाटायचं. आणि इथे पाठवायचे होते १६,५४३ शब्द. सोळा हजार पाचशे त्रेचाळीस! कलमं, पोटकलमं, न्यायालयं, कर, शाळा, सगळं.

आता हे काम कसं चालतं ते डोळ्यांसमोर आणा. कार्सन सिटीच्या तार ऑफिसात तारवाला बसलाय, फ्रँक बेल त्याचं नाव. एका हाताशी हस्तलिखित, दुसरा हात पितळी खटक्यावर. एकेक अक्षर म्हणजे आखूड आणि लांब खटक्यांचा ठरलेला मेळ. मिनिटाला पंचवीस शब्दांचा चांगला वेग धरला तरी सोळा हजारांवर शब्दांना अकरा तास लागतात, आणि तेही कुठे न अडखळता. शिवाय कार्सन सिटीतून थेट वॉशिंग्टनला तार लागत नव्हती. ती जायची सॉल्ट लेक सिटीला. तिथला तारवाला कानाने ऐकून सगळं उतरवून घेणार आणि पुन्हा पहिल्यापासून शिकागोला खटखटवणार. शिकागोतून फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियातून वॉशिंग्टन, युद्ध खात्याच्या तार ऑफिसात. म्हणजे एकच घटना चार टप्प्यांत, हाताने आणि कानाने, पुन्हा पुन्हा. कुठे एक ‘नाही’ गळला असता तर कलमाचा अर्थच उलटा झाला असता.

हे काम चाललं २६ आणि २७ ऑक्टोबरला. बिल झालं ४,३०३ डॉलर आणि २७ सेंट, त्या काळातलं. वॉशिंग्टनला जे कागद उतरवले गेले ती पानं भरली १७५. ती आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. युद्ध खात्याच्या त्या तार ऑफिसात लिंकन स्वतः रोजच्यासारखे जायचे, आघाडीवरच्या तारा वाचत बसायचे. आणि बरोबर ३१ ऑक्टोबरला त्यांनी घोषणेवर सही केली. नेवाडा, छत्तिसावं राज्य.

मला इथे त्या तारवाल्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. गव्हर्नरांचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, सॉल्ट लेकला रात्र काढणाऱ्याचं येत नाही. फ्रँक बेलचं नाव तरी राहिलं, कारण पुढे १८९० मध्ये तोच काही महिने नेवाडाचा गव्हर्नर झाला. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा कितीतरी तारमास्तरांच्या बोटांतलं कसब कुणी लिहून न ठेवताच गेलं. तुमच्या गावात कुणी जुने तारमास्तर असतील तर त्यांच्याशी बोला, त्यांच्या आठवणी टिपून ठेवा. आणि मुलांना मोर्स, म्हणजे तारेची ती खटक्यांची लिपी, शिकवा, आठवडाभरात येतं.

असो. मतदान झालं. मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता. त्या भूमीचे मूळ रहिवासी पायूट, वॉशो आणि शोशोनी लोक, तसंच स्त्रिया, यांना तो नव्हता. लिंकनना मिळाली ९,८२६ मतं, मॅक्लेलनना ६,५९४. नेवाडाच्या वाट्याला तीन निर्वाचक, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी. पण डिसेंबरात मत द्यायची वेळ आली तेव्हा तिसरा निर्वाचक हजरच नव्हता. हिमवर्षावात अडकला असं सांगतात. त्याच्या जागी दुसरा नेमायची तरतूद नव्हती. मतं पडली दोन. देशभरात लिंकनना २१२ निर्वाचकांची मतं, मॅक्लेलनना २१, म्हणजे त्या एका मताने काही बिघडलं नाही.

जानेवारीत मात्र एकेक मत मोजलं गेलं. ३१ जानेवारी १८६५ ला तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात पुन्हा आली. नेवाडाचे एकमेव प्रतिनिधी हेन्री वर्दिंग्टन तिथे बसलेले होते, त्यांनी बाजूने मत दिलं. ११९ विरुद्ध ५६. दोन-तृतीयांशासाठी लागणाऱ्या मतांपेक्षा फक्त दोन मतं जास्त. आणि १६ फेब्रुवारीला कार्सन सिटीच्या विधिमंडळाने ती दुरुस्ती मंजूर केली.

नमस्कार.