दोन ओहमचा हिशेब

(दृश्य: डॅशबोर्ड जवळून. चावी फिरते.)

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि साधारण सहा सेकंदांत विझतो. तेवढ्यात एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा कंट्रोल बॉक्स, स्वतःची आणि जोडलेल्या प्रत्येक सर्किटची तपासणी उरकतं. या हॅचबॅकमध्ये बाकीचे दिवे गेले, हा तेवढा राहिला.

तुर्भ्यात, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला गाडी उभी आहे. स्कॅनरवर 'बी'ने सुरू होणारा कोड आलाय: चालकाच्या बकलकडचा प्रीटेन्शनर (धडकेत सीट बेल्ट क्षणात घट्ट ओढणारा भाग), रेझिस्टन्स जास्त. नजर शेवटच्या दोन शब्दांवर हवी. रेझिस्टन्स जास्त म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा पिन नीट भिडत नाही. कमी म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकल्या. बॉडीला शॉर्ट म्हणजे तारेचं आवरण घासून ती पत्र्याला लागली. कोड लगेच उडवायचा नाही. आधी फोटो काढायचा आणि कोड आत्ताचा आहे की जुना साठलेला, तेही बघून ठेवायचं.

(दृश्य: टेबलावर कापून उघडलेला रिट्रॅक्टर, म्हणजे पट्टा गुंडाळणारा भाग.)

हा आधीच उडालेला प्रीटेन्शनर आहे, म्हणून कापता आला. न उडालेल्याला करवत लावायची नाही. नळीच्या टोकाला स्फोटक दारूची छोटी कॅप्सूल बसवलेली असते. धडक ओळखली की मॉड्यूल तिच्यात करंट सोडतं. गॅस तयार होतो, नळीतल्या गोळ्या ढकलल्या जातात, गोळ्या दातेरी चाक फिरवतात आणि पट्टा मागे खेचला जातो. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. बकलकडच्या प्रकारात गोळ्यांऐवजी पिस्टन आणि केबल असते, त्यात बकलच खाली ओढलं जातं. 1981 साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एअरबॅगच्या जोडीने आलेली ही व्यवस्था आज साध्या हॅचबॅकमध्येही दिसते.

कॅप्सूलच्या आत एक बारीक तार. तिचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहम. गाडी चालू असेपर्यंत मॉड्यूल अगदी थोडा करंट सोडून हे दोन ओहम तपासत राहतं. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी, पण पिनवर साचलेल्या थराने एखाद-दोन ओहमची भर घातली तरी दिवा लागायला तेवढं पुरतं.

मग थेट मल्टिमीटर लावून मोजायला काय हरकत आहे? मोठी हरकत आहे. ओहम मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो, आणि कॅप्सूल पेटायला सव्वा अँपिअरच्या आसपासचा करंट पुरतो. चांगल्या मीटरचा करंट त्याहून बराच कमी असतो, हे खरं. पण हातातला मीटर तसाच आहे याची खात्री कोण देणार? टेस्ट लॅम्प तर नकोच. बॅटरीचे बारा व्होल्ट थेट दोन ओहमला मिळाले तर सहा अँपिअर होतात.

(दृश्य: बॉनेट उघडं. दहा नंबरचा पाना, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटते.)

चावी बंद करून काढायची, निगेटिव्ह सोडायची आणि थांबायचं. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून तो मुद्दाम ठेवलेला. किती थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त.

(दृश्य: सीट मागे सरकते. खाली टॉर्चचा उजेड, पिवळा कनेक्टर.)

पिवळा रंग म्हणजे एअरबॅग-सीट बेल्टची लाइन. सीट रोज पुढेमागे सरकते, तारा ओढल्या जातात. त्यातच पाण्याची बाटली, छत्री सीटखाली घरंगळत जाते. पावसाळ्यात ओले बूट, भिजलेलं मॅट आणि आठवडाभर न वाळणारं कार्पेट. पिनवरचा हा हिरवट थर बघा.

कनेक्टर सोडला की प्रीटेन्शनरकडच्या अर्ध्या भागातली छोटी पट्टी दोन्ही पिना आपसांत जोडते, म्हणजे हाताच्या स्थिर विजेने कॅप्सूल पेटू नये. मॉड्यूलच्या कनेक्टरमध्येही अशाच पट्ट्या असतात. त्या न उचलता वायरिंग मोजली की मीटर शून्याजवळ जातो, वायरिंग शॉर्ट आहे असं वाटतं आणि चांगलं हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बदललं जातं. हे गॅरेजमध्ये फार वेळा घडतं.

(दृश्य: चिमटीत रेझिस्टर.)

आता प्रीटेन्शनरच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर, हार्नेसच्या बाजूला. आत कुणी बसलेलं नको. बॅटरी जोडली, चावी फिरवली, कोड उडवला. सहा सेकंद. दिवा विझला. म्हणजे इथपर्यंतची वायरिंग आणि मॉड्यूल ठीक. दोष सीटकडच्या भागात. दिवा विझलाच नसता, तर मॉड्यूलकडे तपासत गेलो असतो.

पुन्हा बॅटरी काढून, पुन्हा थांबून, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात. पॉलिश पेपर वर्ज्य: या पिनांवर बहुतेकदा सोन्याचा मुलामा असतो, तो खरवडला की थर आणखी लवकर धरतो. रेझिस्टर बाहेर, प्रीटेन्शनर परत जागेवर. रेझिस्टर बाहेर, प्रीटेन्शनर परत जागेवर. कोड आला नाही. आला असता तर प्रीटेन्शनर बदलावा लागला असता.

हा रेझिस्टर काही रुपयांना मिळतो आणि तिथेच घोळ होतो. तो कायमचा खोचून, टेप गुंडाळून, "झालं काम" म्हणून गाडी परत दिली जाते. दिवा विझतो, प्रीटेन्शनर मात्र लाइनवर नसतो. धडकेत पट्ट्यातली ढिलाई तशीच राहते आणि माणूस तेवढा पुढे जातो.

जुनी गाडी घेताना सीटखाली बघा. पिवळ्या तारेवर टेपचा गोळा असला तर तो सोडवून बघायला सांगा. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तरी संशय घ्या.

(दृश्य: वागळे इस्टेट. काढलेली सीट, नवं कव्हर चढतंय.)

सीट कव्हर बसवताना, ड्राय क्लीनिंग करताना कनेक्टर सुटलेला असतो. गाडी जरा पुढे घ्यायची म्हणून कुणी चावी फिरवतं आणि कोड साठतो. यात बिघाड काहीच नसतो. कनेक्टर नीट लॉक करून स्कॅनरने कोड उडवला की काम संपलं.

उडालेल्या प्रीटेन्शनरला दुरुस्ती नाही. बकल नेहमीपेक्षा खाली बसलेलं, पट्टा जाम झालेला दिसला की पार्ट नंबर जुळवून नवाच घ्यायचा, बोल्ट टॉर्क पान्याने कसायचे. न उडालेला जुना प्रीटेन्शनर भंगारात टाकायचा नाही. तो सर्व्हिस सेंटरला परत द्यायचा आणि बिलावर तशी नोंद करून घ्यायची.