आधी ब्रश, मग हवा

(दृश्य : ग्वाल्हेर, लष्कर भागातील जुन्या वाड्याची गच्ची, जूनमधील सकाळ. चटईवर डेस्कटॉपचा कॅबिनेट आडवा ठेवला आहे. स्क्रू काढून बाजूचे पॅनेल उतरवले जात आहे.)

पॅनेल उतरताच आत दोन प्रकारची धूळ दिसते. पुढच्या जाळीवर आणि तळाशी साचलेली पिवळसर धूळ कोरडी असून बोट लावताच सरकते. पंख्याच्या पात्यांच्या कडेला बसलेला काळपट थर मात्र बोटाने घासला तरी निघत नाही, कारण त्यात फोडणीचा तेलकट धूर आहे, उदबत्तीची काजळी आहे आणि कपड्यांचे धागे आहेत. संगणकातील धूळ काढायला कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न खरे तर याच ठिकाणी सुटतो. दुकानात जाऊन तो सुटत नाही. कोरडी धूळ हवेने उडते. चिकट धूळ कितीही जोराची हवा सोडली तरी जागची हलत नाही, तिला आधी मोकळी करावी लागते.

(दृश्य : दुपारची आंधी; दूरवर धुळीत पुसट झालेली किल्ल्याची टेकडी.)

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये येथे तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तेव्हापासून येथे राहणाऱ्या मराठी घरांना मे-जूनची आंधी नवी नाही. पारा 45 अंशांच्या पुढे जातो, राजस्थानच्या बाजूने वारा सुटतो आणि खिडक्या लावून घेतल्या तरी ताटावर, पुस्तकांवर, देव्हाऱ्यात धूळ येऊन बसते. डेस्कटॉपचे पंखे दिवसभर हीच हवा आत ओढतात. भोवतालचा खडक वालुकाश्माचा, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचा, आणि क्वार्ट्झची कठीणता एक ते दहाच्या मोस मापनात 7 भरते. खिडकीची काच साधारण साडेपाचवर थांबते. त्यामुळे पारदर्शक पॅनेलवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे त्यावर बारीक ओरखडे काढणे होय. चित्रीकरणाच्या वेळीही एक फडके चटईच्या कडेला तयारच ठेवलेले होते. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी न बोलता ते बाजूला सारले.

कॅबिनेटला हात लावण्याआधी त्यांनी घरच्या काकूंना एकच प्रश्न विचारला : "काकू, प्लग बोर्डातून काढून ठेवला आहे ना? नुसते बटण बंद करून भागत नाही." प्लग काढल्यावर त्यांनी संगणकाचे पॉवर बटण काही क्षण दाबून धरले, म्हणजे मदरबोर्डावर, संगणकाच्या मुख्य बोर्डावर, उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या, पेटीचे मात्र तसे नाही. आपल्या 230 व्होल्टच्या विजेवर तिच्या आतील वीज साठवणारे मोठे कपॅसिटर 325 व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाने भरलेले असतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ भरलेले राहू शकतात. म्हणून ती पेटी उघडायची नाही. तिच्यातील धूळ बाहेरच्या जाळीतूनच काढायची.

(दृश्य : अगदी जवळून ब्रश. लाकडी मूठ, त्यावर काळी चिकटपट्टी, फिक्या रंगाचे केस.)

हा एक इंची रंगाचा ब्रश आहे. हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात तो शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि पडद्यावर त्याला इतका वेळ देण्याचे कारण असे की, या कामाचा निम्म्याहून अधिक भार तोच उचलतो. त्याची निवड मात्र डोळसपणे करावी लागते. त्याचे केस नैसर्गिक, बहुधा डुकराचे आहेत. नायलॉनचा ब्रश प्लॅस्टिकवर घासला की त्यावर स्थिर वीज अधिक साठते. केस आणि मूठ यांना जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्टीवर दादांनी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले आहेत, कारण त्या पत्र्याची कड बोर्डावरील बारीक भागांवर घासली तर एखादा भाग उखडू शकतो. केसांची टोके कात्रीने किंचित आखूड केली आहेत. फार लांब केस नुसतेच वाकतात आणि चिकट थराखाली शिरत नाहीत; फार आखूड केले तर ते बोर्डावर बोचतात. वीजवाहक तंतूंचा काळा ब्रश याहून सरस असतो, आणि हे काम रोज करणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात स्थिर विजेचा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. दुपारी हवेतील आर्द्रता बरेचदा 20 टक्क्यांच्याही खाली उतरते आणि कोरड्या हवेत अंगावरचा विद्युतभार सहजासहजी निचरत नाही. ठिणगीचा चटका माणसाला साधारण 3000 व्होल्टच्या आसपास जाणवू लागतो, तर काही नाजूक भाग 100 व्होल्टच्या आतही बिघडू शकतात. म्हणजे हानी होऊन जाते आणि हाताला काहीच कळत नाही. दादा दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला स्पर्श करतात. त्यांच्या मनगटावरील पट्ट्याची तारही त्याच सांगाड्याला चिमट्याने जोडलेली आहे. त्या तारेत दहा लाख ओहमचा रोध असतो. अंगावरचा भार त्यातून हळूहळू वाहून जातो आणि चुकून जिवंत तारेला हात लागलाच तर अंगातून मोठा प्रवाह जात नाही.

(दृश्य : सीपीयूवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपवरील, पंखा काढला जातो, खाली तिची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्या दिसतच नाहीत.)

पंखा आणि हीटसिंक यांच्या मध्ये साचलेला हा थर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघतो. बाहेरून ब्लोअर मारणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. हवा त्याच्यावर आदळते आणि बाजूने निघून जाते. दादा तो चिमट्याने उचलतात, उरलेले धागे ब्रशने मोकळे करतात आणि मगच ब्लोअर हातात घेतात.

ब्लोअर साधा, हातात धरायचा, सुमारे 500 वॅटचा आहे; सुतारही असाच वापरतात आणि दीड-दोन हजारांच्या आसपास तो मिळतो. त्याचे तोंड वीतभर अंतरावर ठेवून, आतून बाहेरच्या दिशेने आणि थांबून थांबून हवा सोडली जाते. प्रत्येक पंख्याच्या पात्यांत आधी बांबूची काडी अडकवली आहे. मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांसाठी बनवलेला पंखा ब्लोअरच्या झोताने त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो, बेअरिंग खराब होते, शिवाय फिरणारी मोटर उलट वीजही निर्माण करू शकते. हा धुळीचा लोट उन्हात दिसतो तितका निरुपद्रवी नसतो, म्हणूनच तोंडावर एन-95 मुखपट्टी आहे आणि काम घरात न करता गच्चीवर, वारा सुटण्याआधी चालले आहे.

(दृश्य : रस्त्याकडेचे टायरचे दुकान. कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडली जाते.)

पुष्कळ जण कॅबिनेट उचलून थेट टायरवाल्याकडे नेतात, कारण तेथे हवा फुकट किंवा दहा-वीस रुपयांत मिळते आणि क्षणात सगळे लख्ख दिसते. टाकीखालच्या तोटीतून काय येते ते पाहावे : आधी गढूळ पाणी, मग तेलकट फेस, आणि त्यानंतर हवा. हवा दाबली गेली की तिच्यातील बाष्प टाकीत निवून पाणी होते, कॉम्प्रेसरच्या पिस्टनमधील तेलाचा अंश त्यात मिसळतो, आणि तोटी रोज उघडली नाही तर हेच मिश्रण नळीतून मदरबोर्डावर जाते. टाकीतील दाब 100 पीएसआयच्या पुढे असतो. टायरला तो चालतो, रॅमच्या, म्हणजे स्मृतीच्या पट्टीच्या, खाचेजवळच्या मोहरीएवढ्या भागांना नाही.

दाबलेल्या हवेचा म्हणून विकला जाणारा डबा देखणा असतो, पण त्यात हवा नसते. बहुधा उणे 25 अंशांच्या आसपास उकळणारा द्रवरूप वायू त्यात भरलेला असतो. डबा उभा धरला तर वायू बाहेर येतो, तिरपा केला तर थंडगार द्रव उडतो, कातडी पोळते आणि बोर्डावर दव धरते. यातील काही वायू ज्वलनशीलही आहेत. कीबोर्डाच्या फटींसाठी तो उत्तम आहे, परंतु येथल्या धुळीपुढे एक डबा अर्ध्या कॅबिनेटलाही पुरत नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर गच्चीवर पडलेली धूळ उचलण्यासाठी ठेवावा. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ वेगाने जाताना विद्युतभार साठतो, म्हणून तिचे तोंड बोर्डाजवळ नेऊ नये.

पात्यांवरच्या काळ्या थरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले आहे, तेही 99 टक्के शुद्धतेचे. औषधाच्या दुकानातील 70 टक्क्यांच्या बाटलीत बाकीचे बहुतेक पाणीच असते. कापसाच्या काडीला ते लावून एकेक पाते पुसले जाते आणि हीटसिंकखालची, चिपची उष्णता वर पोचवणारी वाळलेली थर्मल पेस्टही त्यानेच निघते. तिच्या जागी हरभऱ्याएवढी नवी पेस्ट पुरते. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरने घासण्याची पद्धत येथेही सर्रास दिसते, पण त्याने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो, तेव्हा तेथेही हीच काडी बरी.

हीटसिंक बुजला की सीपीयू शंभर अंशांकडे जातो, स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी संगणक बंद पडतो. काकूंचा संगणक दुपारी अडखळत होता तो याचमुळे.

(दृश्य : नळाखाली धुतली जाणारी पुढची जाळी.)

जाळी सावलीत पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची आहे. आंधीचे दिवस सरत आले आहेत आणि पहिला पाऊस अजून पडलेला नाही, असा हा आठवडा काकूंनी मुद्दाम धरला, कारण पावसाळी दमटपणा शोषलेली धूळ बोर्डाला अधिक घट्ट धरते आणि किंचित वीजवाहकही होते. दुसरी वेळ दिवाळीच्या साफसफाईची. तेव्हा रंगाचा ब्रश घरात तसाही बाहेर निघालेला असतो, फक्त तो चुन्यात बुडण्याआधी मागून घ्यावा लागतो.