रॉकेलवर चालणारी पाणबुडी

श्रोते हो, नमस्कार.

२२ सप्टेंबर १९१४ ही पहिल्या महायुद्धातली तारीख आपल्याकडे कुणाला आठवत असलीच, तर ती मद्रासमुळे आठवते. त्या रात्री ‘एमडेन’ ही जर्मन क्रूझर, म्हणजे वेगवान युद्धनौका, अंधारातून मद्रास बंदरासमोर आली, तिने किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि आली तशी ती निघून गेली. तमिळ भाषेत बिलंदर माणसाला ‘एमडन’ म्हणतात, ते या जहाजावरून. पण त्याच दिवशी सकाळी, तिथून हजारो मैल दूर, हॉलंडच्या किनाऱ्यासमोरच्या उत्तर समुद्रात, आणखी एका जर्मन नौकेने दीड तासाच्या अवधीत तीन ब्रिटिश युद्धनौका तळाला धाडल्या होत्या. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने ‘आयर्न क्रॉस’ हे शौर्यचिन्ह माणसांप्रमाणेच नौकेच्या अंगावरही मिरवण्याचा मान दिला तो एमडेनला आणि या दुसऱ्या नौकेला. या दुसऱ्या नौकेचे नाव यू-९. ती पाणबुडी होती, आणि आजचे हे भाषण तिच्याविषयी आहे.

पाणबुडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक निःशब्द, अदृश्य, अचूक यंत्र उभे राहते. यू-९ यांपैकी काहीच नव्हती. डान्झिगच्या शाही गोदीत बांधलेली ही नौका १९१० साली नौदलात दाखल झाली. तिची लांबी सुमारे सत्तावन्न मीटर आणि पाण्यावरचे वजन पाचशे टनांच्या आतबाहेर होते. पाण्यावर ती ताशी चौदा सागरी मैलांपर्यंत धावे, पाण्याखाली बॅटरीवरच्या विजेच्या मोटारींनी जेमतेम आठ. पाण्यावर तिला हाकणारी इंजिने मात्र डिझेलची नव्हती. ती कॉर्टिंग कंपनीची रॉकेलवर चालणारी इंजिने होती. ज्यांच्या घरात एकेकाळी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यांना त्या इंधनाची तऱ्हा वेगळी सांगायला नको. या इंजिनांतून दिवसा पांढऱ्या धुराचे लोट निघत आणि रात्री ठिणग्या उडत. तो धूर बाहेर सोडण्यासाठी पाणबुडीच्या पाठीवर एक उंच नळकांडे उभे करावे लागे आणि बुडी मारण्यापूर्वी ते आडवे पाडून ठेवावे लागे. लपून बसणे हाच जिचा धर्म, त्या नौकेला निसर्गतःच धुराडे असावे, ही गोष्ट गमतीची वाटते खरी; पण त्यात बसणाऱ्या तीसएक माणसांना ती गमतीची वाटली नसणार. युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनीच्या नव्या पाणबुड्यांना डिझेल इंजिने बसली होती आणि चार वर्षांची यू-९ जुनाट ठरू लागली होती.

आतली अवस्था याहून बिकट होती. तिचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी योहानेस श्पीस याने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांतून ती कळते. नाकाडाच्या बाजूला पाणतिरांच्या, म्हणजे टॉर्पेडोंच्या, दोन नळ्या, त्यांच्यामागे दोन राखीव पाणतीर, आणि त्याच्या पाठोपाठ कप्तानाची खोली, जिच्यात एक अरुंद बिछाना आणि कपड्यांचे कपाट एवढेच मावे. पुढच्या नळीत नवा पाणतीर भरायचा झाला की ही खोली पूर्ण रिकामी करावी लागे. स्वतः श्पीसच्या वाट्याला आलेला बिछाना इतका चिंचोळा होता की त्यावर उताणे झोपणे अशक्य. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कपाट यांच्या बेचक्यात, कुशीवर, स्वतःला पाचरीसारखे अडकवून घेऊन तो लाटांचे हेलकावे सोशी. समुद्राच्या गारठ्यामुळे आतल्या पोलादी पत्र्यांवर दमट हवेचे पाणी धरे आणि ते झोपलेल्यांच्या तोंडावर टपटपत राही, म्हणून माणसे तोंडावर रबरी कापड घेऊन झोपत. विजेची शेगडी तर नावालाच होती.

ऑगस्ट १९१४ च्या पहिल्या आठवड्यात दहा जर्मन पाणबुड्या ब्रिटिश आरमाराच्या शोधात उत्तरेकडे निघाल्या, त्यांत यू-९ होती, आणि इंजिन बिघडल्यामुळे तिला अर्ध्यातून माघारी फिरावे लागले. त्या मोहिमेतून दोन पाणबुड्या परत आल्याच नाहीत आणि शत्रूचे एकही जहाज बुडाले नाही. ५ सप्टेंबरला यू-२१ ने ‘पाथफाइंडर’ ही ब्रिटिश क्रूझर बुडवली, तरीसुद्धा पाणबुडी हे हाताळायला अवघड असे एक खेळणे आहे, ही समजूत दोन्ही बाजूंच्या पुष्कळ दर्यावर्दींच्या मनातून गेली नव्हती.

यू-९ चा कप्तान ओट्टो व्हेडिगन हा वेस्टफालियातल्या हेरफोर्ड गावचा. त्या सप्टेंबरात त्याला बत्तीस वर्षे पूर्ण झाली होती आणि त्याच्या लग्नाला जेमतेम पाच आठवडे झाले होते. बेल्जियमच्या किनाऱ्याकडे सैनिक नेणारी ब्रिटिश जहाजे गाठावीत असा हुकूम घेऊन तो निघाला. पण वाटेत वादळाने धरले, आणि होकायंत्राने असा दगा दिला की पाणबुडी ठरल्या मार्गापासून बरीच भरकटून हॉलंडच्या किनाऱ्यापाशी आली. २१ तारखेची रात्र तिने समुद्राच्या तळावर टेकून काढली. सकाळी बॅटऱ्या भरून घेण्यासाठी ती वर आली, तो वारा पडलेला, हवा स्वच्छ, आणि क्षितिजावर जहाजांच्या डोलकाठ्या दिसत होत्या.

ही जहाजे म्हणजे ‘अबुकिर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या प्रत्येकी सुमारे बारा हजार टनांच्या तीन चिलखती क्रूझर. जवळपास पंधरा वर्षांपूर्वीच्या या जहाजांवरचे बहुतेक खलाशी राखीव दलातले, संसारी, थोराड माणसे होती. आणि त्यांच्या जोडीला डार्टमथच्या नौदल विद्यालयातून युद्धासाठी उचलून आणलेली पंधरा-पंधरा वर्षांची पोरे. जुनी संथ जहाजे अशी उघड्यावर फिरवणे धोक्याचे आहे, हे ब्रिटिश नौदलातल्या जाणत्यांना दिसत नव्हते असे नाही. त्यांनीच या ताफ्याला ‘जिवंत आमिष’ असे नाव पाडले होते, आणि ही जहाजे तिथून हलवावीत असे नौदलमंत्री चर्चिल यांनी १८ सप्टेंबरला लिहूनही दिले होते. कागद हलत होता, जहाजे मात्र तिथेच होती. सोबतच्या विनाशिका खराब हवेमुळे बंदरात परतल्या होत्या; ताफ्याचा अ‍ॅडमिरल कोळसा भरण्यासाठी आपल्या जहाजासह गेला होता; आणि मागे उरलेल्या तिघी ताशी दहा सागरी मैलांच्या चालीने, नागमोडी वळणे न घेता, सरळ रेषेत चालल्या होत्या. नागमोडी चालावे असा हुकूम होता. परंतु त्या भागात पाणबुडी कुणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे तो पाळण्याची गरज कुणाला भासत नव्हती.

सहा वाजून वीस मिनिटांनी व्हेडिगनने सुमारे पाचशे मीटरवरून अबुकिरवर एक पाणतीर सोडला. तो मधोमध लागला. अबुकिरच्या कप्तानाला वाटले की आपण पाणसुरुंगावर आदळलो, आणि त्याने उरलेल्या दोन्ही जहाजांना मदतीसाठी जवळ बोलावले. पंचवीसेक मिनिटांत अबुकिर कलंडून बुडाली. होग तिच्या माणसांना वाचवण्यासाठी जवळ येऊन थांबली, तिने होड्या सोडल्या, आणि पाण्यात पडलेल्यांना धरायला काहीतरी मिळावे म्हणून तिच्यावरचे खलाशी लाकडी सामान आणि जेवणाची मेजे समुद्रात टाकू लागले.

इथे मला आपल्याला दोन महिने मागे न्यायचे आहे. १६ जुलै १९१४ रोजी, युद्धाचा मागमूस नसताना, यू-९ च्या खलाशांनी सरावात एक गोष्ट करून दाखवली होती. पाण्याखाली असतानाच त्यांनी रिकाम्या नळ्यांत पुन्हा पाणतीर भरले. त्याआधी कोणत्याही पाणबुडीला हे जमलेले नव्हते. सराव म्हणून केलेली ती खटपट २२ सप्टेंबरच्या सकाळी कामी आली, आणि माझ्या मते त्या दिवसाचे खरे मर्म व्हेडिगनच्या धाडसापेक्षाही या खटपटीत आहे. पाणबुडीत पाणतीर होते सहाच: पुढच्या दोन नळ्यांत दोन, मागच्या दोन नळ्यांत दोन, आणि दोन राखीव. पाण्याखाली राहून नळ्या भरता आल्या नसत्या, तर तिसऱ्या जहाजासाठी हाताशी पुरेसे काही उरले नसते. कप्तानाची खोली रिकामी करून, साखळ्यांवर तोललेले ते अजस्र धूड नळीत सरकवायचे. आणि त्याच वेळी पाणबुडीचा तोल जाऊ नये म्हणून बाकीच्या माणसांनी हुकूम येईल तसे कधी पुढच्या, तर कधी मागच्या टोकाकडे धावायचे. त्या सकाळी यू-९ च्या खलाशांनी हेच केले. त्यांच्यापैकी बहुतेकांना बाहेर काय घडते आहे हे दिसत नव्हते. पेरिस्कोपला डोळा लावण्याचा अधिकार एकट्या कप्तानाचा होता.

सहा पंचावन्नला व्हेडिगनने होगवर दोन पाणतीर सोडले, तेही इतक्या जवळून की पाणबुडीची तिच्याशी टक्कर होता होता टळली. दोन पाणतिरांचे वजन एकदम कमी झाल्याने हलके झालेले पाणबुडीचे नाक उसळून पाण्याबाहेर आले. होगच्या तोफांनी तिच्यावर मारा केला, पण तोवर ती पुन्हा खाली गेली होती, आणि होगही दहा मिनिटांत कलंडली. आता सुरुंगाचा संशय कुणालाच उरला नव्हता. शत्रू कोण आणि तो कुठे आहे हे समजूनही क्रेसी आपली माणसे पाण्यात टाकून निघून जाऊ शकली नाही. सात वीसला मागच्या नळ्यांतून सुटलेल्या दोन पाणतिरांपैकी एक तिला लागला. साडेसातच्या सुमारास सहावा आणि शेवटचा. ती उलटी होऊन काही काळ तळ वर करून तरंगत राहिली आणि आठच्या सुमारास दिसेनाशी झाली. यू-९ च्या बॅटऱ्याही तोवर जवळजवळ संपल्या होत्या.

त्या सकाळी १४५९ माणसे मेली आणि ८३७ वाचली. हॉलंडच्या ‘फ्लोरा’ आणि ‘टायटन’ या व्यापारी जहाजांनी आणि इंग्रज मच्छीमार नौकांनी सुरुंगांची आणि पाणबुडीची पर्वा न करता जवळ येऊन माणसे उचलली. वाचलेल्यांत वायकम-मस्ग्रेव्ह नावाचा एक पंधरा वर्षांचा शिकाऊ अधिकारी होता. अबुकिर बुडाली तेव्हा तिच्या ओढीतून सुटून तो पोहत होगकडे गेला, वर चढतो न चढतो तोच होगला पाणतीर लागले, मग तो क्रेसीवर पोचला आणि तीही बुडाली. एका फळीला धरून राहिलेल्या त्या मुलाला शेवटी मच्छीमारांनी बाहेर काढले.

एकट्या पाणबुडीचे हे काम असेल यावर लंडनमध्ये प्रथम विश्वास बसेना. बसला तेव्हा ब्रिटिश नौदलाने एक हुकूम काढला: पाणबुडीचा धोका असेल तिथे सोबतचे जहाज बुडत असले तरी मोठ्या युद्धनौकेने मदतीला थांबू नये, बुडणाऱ्यांना छोट्या नौकांवर सोपवावे. बुडत्याला हात देणे हा जगभरच्या दर्यावर्दींचा अलिखित कायदा. आपल्या कोकणातला तांडेलही तो मोडणार नाही. पाचशे टनांच्या त्या धुरकट पाणबुडीमुळे तो कायदा कागदावर मोडावा लागला, हे मला बुडालेल्या छत्तीस हजार टन पोलादापेक्षा मोठे नुकसान वाटते.

थांबण्याची किंमत तीनेक आठवड्यांतच पुन्हा मोजावी लागली, आणि या वेळी कारण फारच किरकोळ होते. १५ ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या ॲबर्डीनसमोर ‘हॉक’ ही जुनी क्रूझर आपल्या जोडीदार जहाजाकडून टपालाची पिशवी घेण्यासाठी थांबली होती, आणि मग एकटीच आपली जागा गाठायला निघाली. यू-९ च्या एका पाणतिराने ती काही मिनिटांत बुडाली आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. ही तीच हॉक, जी १९११ साली टायटॅनिकच्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे ‘ऑलिंपिक’वर, आदळली होती. त्या महिन्यात व्हेडिगनला ‘पूर ल मेरित’ हा प्रशियाचा सर्वोच्च सैनिकी सन्मान मिळाला.

त्यानंतर त्याला यू-२९ ही नवी डिझेलवरची पाणबुडी मिळाली. १८ मार्च १९१५ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंडच्या सामुद्रधुनीजवळ तिच्या पेरिस्कोपच्या मागे ‘ड्रेडनॉट’ ही प्रचंड ब्रिटिश युद्धनौका लागली, आणि तोफा न डागता, सरळ अंगावर जाऊन, तिने यू-२९ चे दोन तुकडे केले. कुणीही वाचले नाही.

यू-९ श्पीसच्या हाती आली. त्याने १९१५ च्या वसंतात तिच्यातून ज्या नौका बुडवल्या, त्या बहुतांशी मासेमारीच्या होत्या, म्हणजे २२ सप्टेंबरला बुडत्यांना उचलणाऱ्या नौकांच्या जातीच्या. तिला पुढे बाल्टिक समुद्रात रशियनांविरुद्ध पाठवले गेले, तिथे तिच्या हातून विशेष काही झाले नाही, आणि १९१६ च्या एप्रिलपासून आघाडीवरून काढून तिच्यावर नव्या खलाशांना शिकवण्याचे काम सोपवले गेले. शिकून बाहेर पडणारी पोरे डिझेलच्या पाणबुड्यांवर जात आणि ही आपली धूर सोडत बंदराभोवती फिरत राही. २६ नोव्हेंबर १९१८ रोजी ती ब्रिटिशांच्या ताब्यात गेली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या मोरकम गावी भंगारात मोडली गेली.

अबुकिर, होग आणि क्रेसी अजून हॉलंडसमोरच्या तळावर आहेत. १९५४ साली ब्रिटिश सरकारने त्यांतले धातू काढून घेण्याचे हक्क विकले, आणि ते विकत घेणारी कंपनी जर्मन होती.